स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर बाहेरून आलेल्याला खेळता येतं का, आणि तिथे मिळतं काय?

येतं. कुठल्याही क्लबचं सदस्यत्व लागत नाही. पहिल्या ‘टी’च्या (पहिला फटका मारायच्या जागेच्या) मागची ती दगडी इमारत खासगी क्लबची आहे, पण मैदान नाही. जमीन सार्वजनिक, आणि कारभार १९७४ पासून सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्टकडे. ‘ओपन’ ही गोल्फची मोठी स्पर्धा इथे ३० वेळा झाली, तरी रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या हिरवळीवर, कुत्री फिरवतात. मला हे फार आवडतं.

खरी अडचण टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, मिळण्याची. तो आगाऊ मिळाला नाही तर सोडत आहे: दोन दिवस आधी नाव द्यायचं, किमान दोन खेळाडू हवेत. सोमवारी खेळायचं तर शनिवारी सोडत निघते. एकटे असाल तर आदल्या दिवशी तिथे जाऊन एकट्यांच्या सोडतीत नाव नोंदवा. हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) पुरावा जवळ ठेवा. आणि गावात एकच दिवस ठेवू नका. तीन-चार दिवस राहिलात तर नाव लागण्याची आशा धरता येते. नाहीच लागलं तर शेजारी न्यू कोर्स आहे. नाव ‘न्यू’, पण तोही १८९५ चा.

कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि मैदान सांगणारा सोबती, घ्याच. पैसे वाचवायचेच असतील तर हॉटेलात वाचवा. टीवरून पाहिलं तर समोर नुसतं उंचसखल माळरान दिसतं. बरेचसे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, चेंडू आत गेल्यावरच कळतात. बहुतेक ग्रीनही (होलच्या शेवटी झेंडा असतो तो बारीक गवताचा भाग) जोडीने आहेत. दुसऱ्या होलचं ग्रीन सोळाव्याशी सामाईक, तिसऱ्याचं पंधराव्याशी. जोडीतल्या होलच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी १८. मैदानाच्या टोकाकडे जाताना पांढरा झेंडा, परतताना लाल. चुकीच्या टोकाला चेंडू गेला तर पट (ग्रीनवरून भोकाकडे मारायचा हलका फटका) इतका लांब पडतो की हसू येतं. सतराव्याला हॉटेलच्या कोपऱ्यावरून चेंडू मारायचा असतो आणि ग्रीनला लागूनच डांबरी रस्ता. चेंडू रस्त्यावर गेला तर तिथूनच खेळायचा, सवलत नाही.

मैदानावर फिरायला गाडी मिळत नाही, चालावंच लागतं. वारा दिशा बदलतो, म्हणून स्कोअरचं फार मनावर घेऊ नका. सोबत न खेळणारं कोणी असेल तर त्यांना जवळच्या ‘हिमालयाज’ पटिंग ग्रीनवर न्या. तिथे हँडिकॅप कोणी विचारत नाही.