पहिल्यांदा मोठ्या आगीवर जाणाऱ्या स्वयंसेवकाला

भावा, नागरी संरक्षण दलात नाव दिलंस ते फार चांगलं केलंस, पण एक गोष्ट आत्ताच डोक्यात बसव, नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत मोठी आग लागली की पालिकेच्या गाड्या येतात, एमआयडीसीच्या स्वतःच्या येतात, कधी शेजारच्या कंपन्यांचे बंबही येतात आणि आपण तिथे त्यांच्या मदतीला असतो. पोचल्या पोचल्या इन्चार्ज कोण ते विचार, नाव सांग, आणि निघतानाही सांगूनच नीघ. मागे आमच्यातला एक पोरगा न सांगता घरी गेला आणि दोन फायरमन धुरात त्याला शोधत राहिले, मला ते अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

होज, म्हणजे बंबाचा पाण्याचा पाइप, जोडायला शीक. आपल्याकडे ६३ मिमीचं कपलिंग, म्हणजे दोन पाइपांचा जोड असतो, आतला वॉशर आधी बोटाने चाचपून बघ, मग मेल टोक फीमेल टोकात दाब, टक् आवाज आला की ओढून बघ, त्याशिवाय पाणी मागायचं नाही. ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची फवारा मारायची नळी, एकट्याने धरू नको, पाणी आलं की जोरात मागे रेटते.

आणि टँकरची वाट मोकळी ठेवणं, गर्दी मागे सारणं, हे काम लोकांना कमीपणाचं वाटतं, मला अजिबात नाही वाटत. इगतपुरीजवळच्या मुंढेगावच्या कारखान्याची १ जानेवारी २०२३ ची आग दुसऱ्या दिवशीही धुमसत होती, इतका वेळ पाणी पुरवायचं तर रस्ता नको का?

कपडे सुतीच घाल, नायलॉन अंगाला चिकटतं. आणि शिंगाडा तलावच्या अग्निशमन केंद्रावर आधीच जाऊन ओळख करून ये.