बारा मैलांपलीकडचा समुद्र: वाचकांचे प्रश्न

गोव्यातली पावसाळी मासेमारी बंदी जवळ आली की प्रश्न येतातच, पण यंदा बरेच जण थेट आंतरराष्ट्रीय करारांबद्दल विचारतायत, मला खरंच बरं वाटलं. चार प्रश्न घेतोय.

प्रश्न: आम्ही 61 दिवस ट्रॉलर बांधून ठेवतो आणि बाहेर परदेशी जहाजं टुना उपसतात. मग बंदी आम्हीच का पाळायची? (कुटबण)

राग समजतो. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1 जून ते 31 जुलैची बंदी मुख्यतः किनाऱ्याजवळच्या मासळीसाठी आहे, तिला विणायला वेळ मिळावा म्हणून. तुमचा बांगडा आणि तारली कोणी युरोपियन जहाज नेत नाही, ती मासळी फार तर मालवण नाहीतर मालपेच्या जाळ्यात जाते आणि तिथल्या बोटीही या काळात बंदच असतात. म्हणजे बंदीचा फायदा फिरून आपल्याच जाळ्यात येतो.

टुनाचं मात्र तुमचं बरोबर आहे. तो आज आपल्या हद्दीत, काही महिन्यांनी मालदीवकडे, नंतर आफ्रिकेच्या बाजूला. त्यासाठी 1996 पासून इंडियन ओशन टुना कमिशन आहे, ऑफिस सेशेल्सला, भारतही सभासद आहे. मोठी जहाजं काय करतात तर जीपीएस लावलेले तराफे समुद्रात सोडून देतात, त्यांच्या सावलीला मासे गोळा होतात, त्यात यलोफिन टुनाची पिल्लं पण भरपूर असतात, आणि मग एका घेऱ्यात सगळंच उचललं जातं. फेब्रुवारी 2023 मध्ये मोंबासाच्या बैठकीत हे तराफे वर्षातून 72 दिवस बंद ठेवायचा ठराव बहुमताने पास झाला. युरोपियन युनियनने हरकत घेतली, आणि कमिशनचा नियम असा की जो हरकत घेतो त्याला ठराव बंधनकारक राहत नाही! मला ही पळवाट अजिबात मान्य नाही, ती बुजल्याशिवाय या कमिशनला दात येणार नाहीत.

पण आपली बाजू पण बघा. कुठल्या देशाला किती टुना यावर तिथे वर्षानुवर्षं वाटाघाटी चालल्यात, आणि आजवर कोणी किती पकडलं हा त्यातला मोठा मुद्दा आहे. आपल्याकडे पहाटे जेटीवर क्रेट उतरतात, चांगला माल लिलावाला जातो, बारीक मासळीचा ढीग बाजूला काढून फिशमीलच्या (मासळीच्या भुकटीच्या) ट्रकात भरतात, त्यात कुठल्या माशाची किती पिल्लं गेली ते कोण लिहितं? जे लिहिलंच नाही ते त्या टेबलावर मांडणार कसं. लॉगबुक भरायचा कंटाळा करू नका, एवढं कळकळीने सांगतो.

प्रश्न: मे महिन्यात किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येतात, पाय माखतात, गिऱ्हाईक परत जातं. जहाजांवर केस करता येत नाही का? (कळंगुट, शॅकमालक)

येते, पण पुरावा पाहिजे. मारपोल नावाचा करार आहे, त्यानुसार टँकरना किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांच्या आत टाक्या धुतलेलं तेलकट पाणी सोडता येत नाही, आणि इंजिनरूमचं पाणी सोडायचं तर त्यात दहा लाखात 15 भागांपेक्षा जास्त तेल नको. तरी रात्री सोडून देणारे असतातच. ते तेल लाटांवर घुसळून घट्ट होतं आणि मान्सूनआधीचे वारे ते आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतात. दोनापावलच्या एनआयओमध्ये (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) गोळ्यांची केमिकल ओळख काढता येते, तेल कुठल्या प्रकारचं आहे ते त्यावरून कळतं, उपग्रहाच्या फोटोत तवंग दिसतो, आणि त्यावेळी तिथून कुठली जहाजं गेली त्याचं रेकॉर्ड असतं. हे तीन जुळले तर जहाज सापडू शकतं. म्हणून गोळे नुसते खोऱ्याने गोळा करून पुरून टाकू नका. दोन-चार काचेच्या बरणीत ठेवा (प्लास्टिक नको, तपासणीत घोळ होतो), तारीख, वेळ, जागा लिहा, फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. सगळ्या शॅकवाल्यांनी मिळून केलं तर फारच चांगलं.

प्रश्न: रिव्हर प्रिन्सेससारखं जहाज परत रुतलं तर? (कांदोळी)

तेव्हा 2000 पासून 2012 पर्यंत ते तिथेच पडून राहिलं, किनारा खचला तो तुम्ही बघितलाच आहे. आता नैरोबी करार आहे, 2015 पासून लागू, भारत त्यात आहे. जहाज हटवायचा खर्च मालकाचा, मोठ्या जहाजांना विमा सक्तीचा आणि सरकार थेट विमा कंपनीकडे पैसे मागू शकतं. परिस्थिती तेव्हापेक्षा बरीच बरी आहे.

प्रश्न: हाय सीजचा नवीन करार आलाय म्हणे, आमच्या होड्यांवर काही बंधन येणार का? (मोरजी)

नाही. 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा मासेमारी कायदा, पुढे 200 पर्यंत केंद्राचा अधिकार. हा करार त्याच्याही बाहेरचा, म्हणजे जवळपास 370 किलोमीटरपुढचा. तिथे राखीव क्षेत्रं करायची, मोठ्या प्रकल्पांआधी पर्यावरणाची तपासणी करायची, आणि समुद्री जीवांच्या जनुकांपासून औषधं वगैरे निघाली तर फायदा गरीब देशांनाही द्यायचा, असं त्यात आहे. भारताने सप्टेंबर 2024 मध्ये सही केली, करार जानेवारी 2026 पासून लागू झालाय. तिथली मासेमारी मात्र टुना कमिशनसारख्या संस्थांकडेच राहणार. तुमचं लायसन्स, जाळी, रापण, कशातच यामुळे काही बदलत नाही.