शेंगा चटणीच्या वेबसाइटवर कीवर्ड कुठे आणि किती वेळा टाकावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुळे सोलापुरात घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकता, वेबसाइट नुकतीच करून घेतली. करून देणारा म्हणतो की प्रत्येक पानावर ‘शेंगा चटणी’ हा शब्द तीन टक्के आला पाहिजे, आणि वर चाळीस कीवर्डचं पॅकेज घ्या. तर कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर टाइप करून शोधतात ते शब्द, कुठे टाकू, किती वेळा टाकू, आणि मराठीत टाकू की इंग्रजीत?

आधी ते तीन टक्के, म्हणजे दर शंभर शब्दांत तीनदा. असा आकडा गूगलने कधी दिलेला नाही. अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिनं १९९५ च्या सुमाराला आली, ती मुख्यतः पानावरचे शब्दच बघायची. ज्याने शब्द जास्त वेळा लिहिला तो वर, असं तेव्हा बऱ्यापैकी चालून जायचं. १९९८ मध्ये गूगल आलं ते कुठल्या पानाला इतर किती आणि कसली पानं लिंक देतात हे जोडीला मोजत. टक्केवारीचा हिशेब तेव्हाच जुना झाला, पण आम्हा वेबसाइट करणाऱ्यांच्या धंद्यात तो अजून पावतीवर छापून विकला जातो.

मीही विकलाय. २०१० मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखानदाराची वेबसाइट मी केली. पहिल्या पानावर ‘सोलापुरी चादर’ हे शब्द तेवीस वेळा बसवले. त्याने समाधान झालं नाही म्हणून खाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात आणखी साठेक शब्द लपवले. शिवाय जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांची अकरा पानं केली. मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं: करमाळ्यात सोलापुरी चादर, माढ्यात सोलापुरी चादर, सांगोल्यात सोलापुरी चादर. मालकांनी चष्मा लावून पहिलं पान मोठ्याने वाचलं, दोन ओळींत थांबले आणि म्हणाले, “काय बे, जप लावलायस का?” मी त्यांना समजावलं, की हे माणसांसाठी नाही, गूगलसाठी आहे. हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

काही महिने साइट वर राहिली, मालकांनी पेढे दिले. मग खाली जायला लागली ती जातच राहिली. पुढेपुढे कारखान्याचं पूर्ण नाव टाकल्याशिवाय सापडेना. पांडा आणि पेंग्विन ही गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या बदलांची नावं. पांडा २०११ च्या फेब्रुवारीत आला, पेंग्विन २०१२ च्या एप्रिलमध्ये, आणि आमची साइट दोघांच्याही तावडीत सापडावी अशीच होती. आजही गूगलच्या स्पॅमविषयीच्या नियमांत शब्द कोंबणं, लपवलेला मजकूर आणि नुसती गावांची नावं बदलून केलेली पानं, हे तिन्ही प्रकार स्पष्ट लिहिलेले आहेत. मी तिन्ही केले होते.

आता कुठे टाकायचे ते. हे काम खरं तर अर्ध्या तासाचं आहे. एका पानाला एकच विषय द्या. चटणीचं पान वेगळं, भाकरीचं वेगळं. पानाचं टायटल, म्हणजे शोधल्यावर निळ्या अक्षरात दिसतं ते, त्यात मुख्य शब्द सुरुवातीलाच यावा, कारण मोबाइलच्या रुंदीत शेपूट कापलं जातं. ‘सोलापुरी शेंगा चटणी, २५० ग्रॅम ते १ किलो, घरपोच’ एवढं पुरे. पानावरचं मोठं शीर्षक, ज्याला एच-वन म्हणतात, तेही साधारण त्याच अर्थाचं. पहिल्या दोन-तीन वाक्यांत काय विकताय ते नाव घेऊन सांगा. ‘परंपरेचा सुगंध आपल्या दारी’ असली सुरुवात असेल तर काढून टाका, त्यातून ना गूगलला काही कळतं ना गिऱ्हाइकाला. त्यानंतर शब्द किती वेळा आला हे मोजू नका. चटणीबद्दल नीट लिहिलं की तो जेवढा यायचा तेवढा येतोच.

टायटलखाली दिसणारं दोन ओळींचं वर्णन, म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, क्रमांक ठरवायला वापरलं जात नाही. पण माणूस ते वाचून क्लिक करायचं की नाही ठरवतो, तेव्हा तिथे वजन, टिकाऊपणा, कुठे पाठवता हे लिहा. गूगल कधीकधी ते बाजूला ठेवून पानातलीच एखादी ओळ उचलतं, टायटलही स्वतःच्या मनाने बदलतं. घाबरू नका. आणि मेटा कीवर्ड नावाची जी लपलेली जागा असते, जिथे स्वल्पविराम देत देत शब्दांची यादी भरतात, ती गूगल क्रमांकासाठी बघत नाही, हे त्यांनी २००९ च्या सप्टेंबरमध्येच जाहीर केलंय. तुमच्या पॅकेजमधले चाळीस कीवर्ड नेमके कुठे जाणार आहेत ते विचारा. उत्तर ‘मेटा कीवर्डमध्ये’ असं आलं, तर पैसे वाचले.

आपल्याकडे यापेक्षा मोठी अडचण वेगळीच असते. तुमच्या साइटवर मुळात शब्द आहेत का, हे आधी तपासा. मी शहरातल्या ज्या ज्या छोट्या साइट बघितल्यात त्यांतल्या बऱ्याच जणांनी फ्लेक्सवाल्याने केलेलं डिझाइनच पान म्हणून चढवलेलं असतं. नाव, भाव, वजन, फोन, सगळं एका फोटोत. त्या फोटोतली अक्षरं तुम्हाला दिसतात म्हणून ती पानावर मजकूर म्हणून आहेत असं होत नाही. दुसरा प्रकार जुन्या डीटीपी फॉन्टांचा. कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तिथून उचलून साइटवर डकवला, तर पडद्यावर कदाचित मराठी दिसेल, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. गूगलच्या लेखी तिथे ‘चटणी’ हा शब्दच नाही. तपासणं सोपं आहे. पानावरची एक ओळ बोटाने निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. मराठी म्हणून आली तर ठीक. ओळ निवडताच आली नाही किंवा काला आला, तर बाकी सगळं सोडून आधी ते नीट करून घ्या. फोटो ठेवाच, पण प्रत्येक फोटोला ऑल्ट मजकूर द्या: ‘काचेच्या बरणीत सोलापुरी शेंगा चटणी’. ज्यांना दिसत नाही त्यांना त्यांचा फोन हीच ओळ वाचून दाखवतो, आणि गूगललाही फोटो कशाचा आहे हे त्यातून कळतं.

आता शब्द कुठले, ते. माझ्या मते तुमचा सगळा वेळ यात गेला पाहिजे.

आपण शेंगा म्हणतो. फोडलेल्या, सोललेल्या, भाजलेल्या, कुटलेल्या, सगळ्या शेंगाच. पुण्याचं गिऱ्हाईक शेंगदाणा चटणी म्हणतं, काही घरांत दाण्याची चटणी. मुंबईच्या एका ओळखीच्या बाईंना मी शेंगा चटणी पाठवतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “शेवग्याच्या शेंगांची चटणी? कशी करतात हो?” हिंदीवाला मूंगफली की सूखी चटनी शोधतो. तो ‘सूखी’ शब्द महत्त्वाचा, कारण दक्षिणेत पीनट चटणी म्हणजे इडली-डोशाबरोबरची पातळ चटणी. म्हणून तुमच्या पानावर ‘सुकी’, ‘कुटलेली’, ‘लसूण घातलेली’ हे शब्द कुठेतरी सहज यायला हवेत. एक साधं वाक्य लिहा: ‘आमच्याकडे शेंगदाण्यांना शेंगा म्हणतात, म्हणून ही शेंगा चटणी.’ त्यात दोन्ही शब्द आले, आणि नागपूरच्या माणसालाही कळलं. गूगल समानार्थी शब्द बरेच ओळखतं. २०१९ मध्ये त्यांनी बर्ट नावाची पद्धत आधी इंग्रजीत आणि मग सत्तरहून जास्त भाषांत आणली, ती वाक्यातला शब्दांचा परस्परसंबंध बघते. त्यामुळे ‘चटणी, चटणीचा, चटणीला, चटण्या’ अशी सगळी रूपं मुद्दाम भरत बसायची गरज नाही, आणि ‘सोलापुर’ असा ऱ्हस्व उकाराचा चुकीचा शब्द मुद्दाम घालण्याचीही नाही.

भाकरीचंही तसंच. कडक भाकरी हा शब्द आपल्याला पुरतो. पण विजापूर-कलबुर्गीकडचं गिऱ्हाईक तिला खडक रोट्टी म्हणतं, आणि मोठ्या शहरातलं कुणी ‘ग्लूटेन फ्री ज्वारी भाकरी’ शोधतं. तुम्ही ज्वारीत गहू घालत नसाल तर हे लिहाच, पण घालत नसाल तरच. चादरवाल्या मालकांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांची आई चादरीला दुप्पटी म्हणायची. कारखान्यात चोवीस तास ऐकू येणारा हा शब्द वेबसाइटवर कधी लागला नाही, कारण विकत घेणारा तो टाइप करत नव्हता. घरातला शब्द आणि गिऱ्हाइकाचा शब्द असा वेगळा निघू शकतो.

शब्दामागचा हेतूही बघा. ‘शेंगदाणा चटणी’ एवढंच टाइप करणाऱ्याला बहुतेक वेळा रेसिपी हवी असते. ‘शेंगा चटणी १ किलो किंमत’ किंवा ‘सोलापुरी चटणी ऑनलाइन’ म्हणणाऱ्याच्या हातात पाकीट असतं. विक्रीच्या पानावर रेसिपीवाल्याला ओढून आणू नका, तो दोन सेकंदांत निघून जाईल. वाटल्यास रेसिपीचं वेगळं पान करा. कृती सांगितल्याने धंदा बुडत नाही, कुटायला लागलं की माणूस परत तुमच्याकडेच येतो. त्या पानावरून विक्रीच्या पानाला लिंक द्या, पण लिंकवर ‘इथे क्लिक करा’ असं लिहू नका. ‘तयार शेंगा चटणी मागवा’ असं लिहा. लिंकवरचे शब्दसुद्धा गूगल वाचतं.

हे शब्द शोधायला विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. तुमचं व्हॉट्सॲप उघडा आणि गेल्या वर्षभरात लोकांनी काय काय विचारलं ते वहीत उतरवा. ‘किती दिवस टिकते’, ‘तिखट कमी मिळेल का’, ‘पुण्याला पाठवता का’, ‘तेल सुटतं का’. चादरीच्या साइटवर मी शेवटी हेच केलं. मालकांना फोनवर रोज तीन प्रश्न यायचे: रंग जातो का, सिंगल केवढी आणि डबल केवढी, खरी सोलापुरी ओळखायची कशी. तिसऱ्याचं उत्तर चांगलं भरगच्च होतं. चादरीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेलं आहे, आणि सुताच्या जाडीपासून जॅकार्डच्या नक्षीपर्यंत सगळं त्यांनी तासभर बसून सांगितलं. मी फक्त लिहून घेतलं. तेवीस वेळा लिहिलेल्या शब्दाने जे टिकलं नाही, ते या एका पानाने टिकवलं.

सर्च कन्सोल नावाची गूगलची फुकट सोय आहे, ती जोडून घ्या. त्यातल्या परफॉर्मन्सच्या अहवालात लोकांनी नेमके काय शब्द टाइप केले, तुमचं पान कितीदा दिसलं, कितीदा उघडलं आणि सरासरी कितव्या जागी होतं, हे सोळा महिन्यांपर्यंतचं बघता येतं. खूपदा दिसतंय पण कुणी उघडत नाही असा शब्द सापडला, तर टायटल आणि वर्णन बदलून बघा. आठव्या-दहाव्या जागी अडकलेला शब्द दिसला, तर त्या विषयावर पानात खरोखर काही लिहिलंय का ते बघा. बदल केल्याची तारीख लिहून ठेवा आणि काही आठवडे थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्याच फोनवर शोधून बघण्यात अर्थ नाही, तुमचं ठिकाण आणि आधीची शोधाशोध यांमुळे तुम्हाला दिसणारा क्रम वेगळा असतो.

गूगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाइलही असेल तर त्यातलं नाव पाटीवर आहे तेच ठेवा. नावापुढे ‘बेस्ट शेंगा चटणी सोलापूर कडक भाकरी होलसेल’ अशी शेपटी जोडणं नियमाबाहेर आहे, प्रोफाइल बंदही होतं.

राहिला मराठी की इंग्रजी. दोन्ही ठेवा, पण वेगवेगळी पानं करून. एकाच परिच्छेदात अर्धं हे अर्धं ते नको. आपले लोक फोनवर मराठी शब्दसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, ते इंग्रजी पानात आपोआप येतील. पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण कॉपी करून पाठवताना बऱ्याचदा एकेका अक्षर-मात्रेची नऊ चिन्हं होतात. ‘शेंगा-चटणी’ एवढ्याची ८२ चिन्हांची माळ तयार होते, आणि व्हॉट्सॲपवर ती बघून गिऱ्हाइकाला वाटतं व्हायरस आलाय.

आणि पॅकेजवाल्याला नाही म्हणायच्या आधी त्याच्याकडून दोन गोष्टी काढून घ्या. डोमेन, म्हणजे साइटचा मुख्य पत्ता, तुमच्या नावावर आहे का, आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्या जीमेलवर आहे का. चादरवाल्या मालकांचं डोमेन माझ्या नावावर होतं. ते बदलून द्यायलाच मला दोन वर्षं लाज वाटत राहिली.