उजनीची ओहोटी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हिरमुसून म्हणालीस, "काका, भिगवणला जाऊन आले, पण नुसतं पाणीच पाणी. चार बगळे आणि घारी, बाकी काही नाही." दिवाळीच्या सुटीत गेलीस, तिथंच चुकलं. बाकीचं सवडीनं लिहितोय.

खाडीवर पक्षी बघणाऱ्याला आधी भरती-ओहोटी शिकावी लागते. कोकणातल्या लोकांचा साधा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पाणी मागं सरकलं की चिखल उघडा पडतो आणि किनाऱ्यावरचे सगळे वेडर, म्हणजे चिखलात चालत भक्ष्य टिपणारे पक्षी, त्या चिखलावर पोट भरतात. भिगवणच्या उजनी धरणाला समुद्र नाही, पण ओहोटी आहे. ती वर्षातून एकदाच येते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. पावसाळ्यात भीमा नदी हा जलाशय भरते, पुण्याजवळच्या कवडीपाटावरून फेसाळत गेलेलं आपलं पुण्याचं पाणीही त्यातच जातं. मग शेतीला पाणी सुटायला लागलं की काठ हळूहळू उघडा पडतो. पातळी फारच खाली गेली तर पळसदेवचं पाण्यात बुडालेलं जुनं देऊळसुद्धा वर येतं. तू गेलीस तेव्हा धरण काठोकाठ होतं. एवढ्या लांब पायांच्या शेकाट्यालाही कुठं पाय टेकले नसतील.

म्हणून जानेवारीत जा. हडपसर पहाटे साडेचारला सोडलंस तर शंभरेक किलोमीटरवरचं भिगवण गाठून उजाडायला कुंभारगावच्या काठावर असशील. आणि गेल्या गेल्या होडीत बसू नकोस. सूर्य पाठीशी येईल अशी जागा बघ, सतरंजी टाक आणि निदान दीड तास तिथून उठू नकोस. माझं सगळं सांगणं या दीड तासाबद्दलच आहे.

पहिली वीस मिनिटं चिखल रिकामा वाटेल. मग एक ढेकूळ पळायला लागेल. तो चिखल्या. चार पावलं धावतो, थबकतो, वाकून टिपतो, पुन्हा धावतो. तो डोळ्यांनी शिकार करतो. त्याच्या शेजारी छोटा टिलवा बघ, शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच खाली-वर, क्षणभर उसंत नाही. थोडं आत, पोटापर्यंत पाण्यात मालगुजा उभा असेल. त्याची चोच पार मुळापर्यंत गाळात जाते. तिथं त्याला काहीच दिसत नाही, चोचीच्या टोकाला स्पर्शानं भक्ष्य कळतं आणि बाकी चोच मिटलेली ठेवून तो नुसतं वरचं टोक उघडून ते धरू शकतो. एकाच चिखलात तिघं जेवतात, पण प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर. हे एकदा नीट बघितलंस की नावं पाठ करावी लागत नाहीत.

आता शिकारी पक्षी. तू आकाशाकडे बघत बसतेस, ते सोड. चिखलाकडेच बघ, आकाशात काय आहे ते वेडर सांगतात. साधी घार आली तर ते माना तिरक्या करून एका डोळ्यानं वर बघतात आणि पुन्हा खायला लागतात. दलदल भोवत्या आला, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून लव्हाळ्यावरून सावकाश तरंगत, तर टिटव्या ओरडतात आणि पाण्यावर विखुरलेले वारकरी नावाचे काळे पाणपक्षी एकमेकांना चिकटून काळा गठ्ठा करतात. आणि बहिरी ससाणा आला तर ओरडायलाही कुणाला वेळ नसतो. सगळा थवा एकदम उठतो, घट्ट गोळा होतो, वळताना एकदा पांढरा दिसतो, एकदा करडा. ससाण्याला त्यातून एकटा पडलेला पक्षी हवा असतो आणि एकटं पडायला कुणीच तयार नसतं. असं झालं तर दुर्बीण खाली ठेव, नुसत्या डोळ्यांनी सगळं आकाश बघ.

कैकर या शिकारी पक्ष्याचं वेगळं. तो फक्त मासे खातो, बदकांना ते माहीत असल्यासारखं ती फारशी हलत नाहीत. एकदा डिकसळच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ तो माझ्यासमोर हवेत थबकला, पाय पुढे घेऊन पाण्यात पडला आणि जवळजवळ पूर्ण बुडाला. दोन-तीन झटक्यांत वर आला, हवेतच अंग झाडलं, मग मासा पायांत फिरवून त्याचं डोकं पुढं केलं. आडवा मासा वाऱ्याला अडतो ना. बाहेरचं बोट मागं वळतं आणि तळव्याला काटे असतात म्हणून निसटता मासा त्याला धरता येतो. ते तळवे मी स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून, पाहिलेत, कानशीसारखे खरखरीत.

होडीत जरूर बस. इथले मच्छीमार पाणी आपल्यापेक्षा शंभरपट ओळखतात. पण इंजिन लांबच बंद करायला सांग. मी तुझ्या वयाचा असताना उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून होडी थव्यात घालायला लावली, एकदा नाही, तीनदा. टिलव्याचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून इथं येतो आणि परतीच्या प्रवासाची चरबी याच चिखलावर साठवतो. त्या दिवशी मी त्याची सकाळ वाया घालवली. तो फोटो मी कधी भिंतीवर लावला नाही.

दुपारी जेवून थोडं पड. ऊन उतरलं की कडबनवाडीच्या माळावर जा, वनखात्याच्या नियमानं, रस्ता न सोडता. तिथं संध्याकाळी भोवत्ये मुक्कामाला गवतात जमिनीवर उतरतात, त्यामुळे एक माणूस गवतात शिरला तरी सगळे उठतात.

वहीत आधी पक्षी काय करत होता ते लिही, नाव नंतर. गाडीत बसल्यावर आकडे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाक. जानेवारीतच आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, तुझा थवाही मोजणीत येऊ दे.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मी मोकळा आहे. तुझी ८ बाय ४२ची दुर्बीण घे, स्कोप आणि चहाचा थर्मास मी आणतो. काठावर गार वारा असतो, कानटोपी विसरू नकोस आणि लाल स्वेटर घालू नकोस.

तुझा,
काका