वाचकांचे प्रश्न : गेलेले शब्द आणि ४० तासांची थेरपी

प्रश्न : मुलगा २६ महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा असताना 'पाणी', 'भू', 'बाबा' म्हणायचा, ते बंद झालं. हाक मारली तर वळत नाही, पण मोबाइलवर गाणं लागलं की धावत येतो. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही तिसऱ्या वर्षी बोलले. थांबावं का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : थांबू नका. बोलणं उशिरा येणं वेगळं आणि आलेले शब्द जाणं वेगळं. शब्द गेले असतील तर वाट पाहायची नसते.

गाणं ऐकू येतं म्हणजे कान ठीक, असं धरून चालू नका. काही मुलांना ठरावीक पट्टीतलेच आवाज ऐकू येतात. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणारी बेरा चाचणी करून घ्या. ती मूल झोपेत असताना होते, म्हणून त्या दिवशीची झोप राखून न्या.

त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे एम-चॅट-आर ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता पाहणारी २० प्रश्नांची प्रश्नावली भरा. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे. ३ ते ७ गुण आले तर पुढचे प्रश्न विचारून खात्री करतात. ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे पाठवतात. हे निदान नव्हे. खाजगीत परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या.

घरचं काम मात्र आजच सुरू होऊ शकतं. टीव्ही-मोबाइल बंद करून त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. आवडता खाऊ घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात घालून त्याच्या हातात द्या आणि मनात दहा आकडे मोजा. त्यानं डबा पुढे केला, तुमचा हात ओढला किंवा नुसतं पाहिलं, तरी लगेच 'उघड' म्हणून उघडा. एकच शब्द, दर वेळी तोच. बहुतेक घरांत चूक होते ती इथे : 'बोल ना, उघड म्हण, मगच देईन' असा हट्ट धरला जातो. मूल रडतं, डबा फेकतं आणि पुढच्या वेळी मागतच नाही. आधी मागणं येऊ द्या, शब्द नंतर.

प्रश्न : मुलगा स्वमग्न आहे. एका केंद्रानं आठवड्याला ४० तास थेरपी हवीच, असं सांगितलं. तालुक्याच्या गावी हे कसं जमावं?
– एक वडील, लातूर

उत्तर : ४० तासांचा आकडा अमेरिकेतल्या १९८७ च्या एका अभ्यासातून आला. तो सगळ्या मुलांना लावायचा नियम नाही. दुसरं टोक गोव्यात आणि रावळपिंडीत दिसलं. २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांचा हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ सत्रं घेतली. पालक मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, पालक आणि कार्यकर्ता यांनी मिळून तो पाहायचा आणि मुलानं कधी प्रतिसाद दिला ते शोधायचं, एवढंच. या पालकांचा मुलांना मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली.

तुम्हीही दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून थेरपिस्टला दाखवा. महिन्यातून दोनदा शहरात जाणं जमलं तरी चालेल, फक्त सत्रात तुम्हाला आत बसू देणारं केंद्र निवडा. दार लावून मुलाला तासभर आत ठेवणाऱ्या ठिकाणी घरी काय करायचं ते तुमच्या हाती लागत नाही.