नागपुरात घरीच आठ दिवसांची सुट्टी आहे. रोजच्या गोष्टींतलं सौंदर्य निवांत बघायचं तर नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की रजा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे, आणि मागच्या सुट्टीत फुटाळा आणि अंबाझरी तलाव, सेमिनरी हिल्सची टेकडी सगळं दोन दिवसांत उरकूनही हाती काही लागलं नाही. जागा चुकल्या नव्हत्या, जास्त झाल्या होत्या. या वेळी आठ दिवसांसाठी एक झाड घ्या आणि रोज त्याच वेळी वीस मिनिटं त्याच्याकडे जा. पहिल्या दिवशी डोळ्यांना नुसतं 'झाड' दिसतं. काय बदललं ते कळायला कालचं आठवत असावं लागतं, म्हणून खरी मजा तिसऱ्या दिवसापासून.

मार्चमध्ये माझं मत पिंपळाला. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात तो पानं गाळतो आणि लगेच पालवतो, पण प्रत्येक झाडाचं वेळापत्रक वेगळं. शेजारी शेजारी दोन पिंपळ असतील तर एक बोडका आणि एक हिरवागार असू शकतो. निम्म्या फांद्या रिकाम्या आणि टोकं गुलाबीसर असलेलं झाड निवडा. एक तरी फांदी डोळ्यांच्या उंचीवर हवी. गच्चीच्या कठड्याला टेकलेली असेल तर उत्तमच. उंचावरची फांदी घेतली की मान दुखते आणि चौथ्या दिवशी कार्यक्रम बारगळतो.

त्या फांदीला सैल सुती दोरा बांधा. निळा घ्या, कारण पाराच्या पिंपळाला पांढरे-लाल दोरे आधीच गुंडाळलेले असतात. टोकाला निमुळती, बंद कळी दिसेल. तिच्यावरचं पातळ आवरण गळून पडतं आणि आतून तांबूस, लोंबतं, ओलसर चमकेचं पान बाहेर येतं. सोबत शाळेची पट्टी ठेवा आणि रोज देठापासून पानाच्या शेपटीसारख्या टोकापर्यंत लांबी मोजा. पान आधी तांबूस असतं कारण त्यात हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं. तो लाल रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून थोडं सांभाळतोही. मग हळूहळू पोपटी रंग चढतो आणि शिरा वेगळ्या उठून दिसतात. वारा जाणवत नसतानाही पिंपळ का सळसळतो, तेही इथेच कळेल: देठ लांब आणि लवचीक, पान रुंद, त्यामुळे जराशा झुळकेनंही ते हलतं.

वेळ सकाळी साडेसहा ते सात. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, आणि तिरप्या उजेडात पानामागून प्रकाश येतो. नऊनंतर ऊन तापतं, बरेच पक्षी गप्प होतात आणि सगळं सपाट दिसायला लागतं. साडेसहा-सातच्या सुमारास 'टुक टुक टुक' असा भांड्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज येईल. तो तांबट. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. आवाजाच्या दिशेनं शोधलं तर फसाल, कारण ओरडताना तो मान फिरवतो आणि आवाज भलतीकडून आल्यासारखा वाटतो. शेंड्याच्या वाळक्या फांद्या एकेक करून तपासा. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो बहुधा तिथेच बसलेला असतो.

सातव्या-आठव्या मिनिटाला कंटाळा येणारच. तेव्हा नजर खोडाच्या बुडापासून वर न्या, एका वेळी हातभर. फोन घरीच ठेवा, मनगटी घड्याळ पुरे. फोटो काढला की बघायचं काम संपल्यासारखं वाटतं, आणि अॅपवर नाव शोधलं तरी तेच. नाव संध्याकाळी शोधा. वहीत रोज तीनच ओळी: वेळ, काय बदललं, काय कळलं नाही. तिसरी ओळ सर्वांत कामाची.

लोक थांबून विचारतील, "काय हरवलं का भाऊ?" 'पिंपळ बघून राहिलो' म्हटलं की तेही दोन मिनिटं बघतात. मोहल्ल्यातले कुत्रे भुंकले तर पळू नका, आणि बिस्किटही टाकू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुमचे वीस मिनिटं त्यांचेच.

दुपारी बाहेर फिरूच नका. घरात संत्रं घ्या. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलोऱ्याचा माल या दिवसांत बाजारात असतो. देठाकडची छोटी चकती नखानं उचला. खाली बारीक ठिपक्यांचं वर्तुळ दिसेल. ते मोजा, मग सोलून फोडी मोजा. आकडे बहुधा जुळतात, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे एका फोडीकडे जाणारी नळी. मग सालीचा तुकडा खिडकीतल्या उन्हासमोर दुमडा: तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो. मागे गडद पडदा असला तर स्पष्ट. डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबतं.

फुटाळा सोडवत नसेल तर संध्याकाळी एकदाच जा, पण सूर्य बुडाला की उठू नका. या दिवसांत सूर्यास्त सव्वासहाच्या जरा पुढे होतो आणि पाण्यावरचे रंग त्यानंतर वीसेक मिनिटं बदलत राहतात. नेमक्या त्याच वेळी लोक गाड्या काढतात. बाह्या पूर्ण असलेला शर्ट घाला, डास असतात.

झिरो माईल, म्हणजे अंतरं मोजायचा इंग्रजांच्या काळातला खांब, बघायचा तर रविवारी सकाळी लवकर, वाहतूक सुरू व्हायच्या आत. रोज गाडीवरून दिसतात ते चार घोडे. उतरून खांबाजवळ जा: पायथ्याशी गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. बाजूनं ऊन पडलं की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ती वाचता येतात. दुपारी तीच अक्षरं पुसल्यासारखी वाटतात.

आठव्या दिवशी फांदीवरचा दोरा आठवणीनं सोडा. राहिला तर फांदी जाड होते आणि तो सालीत रुततो.