आकडा एकटा पाठवू नकोस

तुझा काल रात्रीचा मेसेज सकाळी ऐरोलीहून ठाण्याला जाताना बसमध्ये वाचला, उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना म्हणून आता बसून नीट लिहितेय. तुझ्या सर्व्हेतून हंपबॅक डॉल्फिनच्या संख्येचा अंदाज 84 आलाय, रेंज 38 ते 186, म्हणजे खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावा. गाइड म्हणतायत रेंज मागच्या टेबलात टाक, मीटिंगमध्ये फक्त 84 सांग, आणि तू मला विचारतेयस की एवढी रुंद रेंज आली म्हणजे काम फुकट गेलं का, विषय बदलून खारफुटी घेऊ का.

खारफुटी आवडत असेल तर जरूर घे. रेंजला घाबरून घेऊ नकोस. आणि 84 एकटा पाठवू नकोस.

अगं, 84 डॉल्फिन तू बघितलेलेच नाहीस. तू बघितलेस उरणच्या बाजूला, बंदराच्या तोंडाशी आलेले थोडेसे ग्रुप, बाकी सगळा हिशोब आहे न दिसलेल्यांचा. न दिसलेल्यांचा हिशोब करताना आपली खात्री किती आहे हे रेंज सांगते, म्हणजे ती तुझ्या कामाचा अर्धा भाग आहे, आणि हा अर्धा भाग लपवायला सांगणाऱ्या माणसाला नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणायचं. गाइड असले तरी.

आता जिथे खरंच रागावण्यासारखं आहे ते सांगते. तुझी डेटाशीट उघडून बसलेय. बोटीपासून डॉल्फिनपर्यंतची मीटरमधली अंतरं बघ, सगळी गोल केलेली: 50, 100, 100, 200, 150, 100. एकही 70 नाही, एकही 130 नाही. आणि अँगलच्या कॉलममध्ये किती ते शून्य! दर वेळी डॉल्फिन बोटीच्या अगदी नाकासमोर कसा येईल? ‘समोर दिसला’ म्हटलं की लोक 0 ठोकून देतात, खरा तो 6 नाहीतर 8 डिग्रीला असतो. 200 मीटरवर 8 डिग्री म्हणजे तुझ्या रेषेपासून, बोट सरळ जाते त्या मार्गापासून, जवळजवळ 28 मीटर बाजूला, आणि तू लिहिलंस शून्य. असे शून्य साठले की सॉफ्टवेअरला वाटतं रेषेजवळचेच दिसतायत, लांबचे भरपूर निसटतायत, मग ते निसटलेल्यांची भर घालतं आणि आकडा फुगतो. कोनमापक मोठा काढून पुठ्ठ्यावर चिकटव, मध्ये काटा लाव, झाला अँगल बोर्ड. याला पैसे लागत नाहीत, फक्त कंटाळा बाजूला ठेवावा लागतो.

दुसरं, फॉर्म्युला धरून चालतो की रेषेवर असलेला प्रत्येक प्राणी तुला दिसतोच. नाही दिसत. तो पाण्याखाली असतो, किंवा वर येतो तेव्हा तुझं लक्ष दुसरीकडे असतं. गंगेतला डॉल्फिन तर सेकंदभर वर येतो आणि गेला, म्हणून तिथे एकाच बोटीवर दोन टीम बसवतात, एकमेकांशी बोलायचं नाही, कोणाला काय दिसलं ते नंतर जुळवायचं, त्यावरून दोघांच्याही नजरेतून किती सुटले ते निघतं. तू एकटी आणि नाखवा असे जाता, नाखवा ओरडतो ‘ते बघ’ आणि तू लिहितेस. नाखव्याची नजर तुझ्यापेक्षा चांगली आहे यात शंकाच नाही, पण मग कोणी आधी बघितलं हे लिही ना बाई!

फोटोंवरून मोजण्याचंही तेच. समजा पहिल्या फेरीत पाठीवरच्या पंखाच्या खाचा-खुणांवरून 20 वेगवेगळे डॉल्फिन ओळखलेस, दुसऱ्या फेरीत 15, त्यातले 5 पहिल्या फेरीतलेच. 20 गुणिले 15 भागिले 5, साठ. आता एक फोटो हलला म्हणून एक जुळणी हुकली, 4च सापडल्या, की लगेच 75. एका धूसर फोटोने पंधरा डॉल्फिन जन्माला घातले! त्यात ज्यांच्या पंखावर खाच-खूण काहीच नाही त्यांची भर वेगळी. हे कळल्यावर कोणाला एकटा आकडा सांगायची हिंमत होईल? म्हणून म्हणते, आकडा एकटा पाठवू नकोस.

तुला वाटतंय रुंद रेंज म्हणजे कोणी काही करणारच नाही. उलटं आहे. अमेरिकेत 1994 पासून जाळ्यात वगैरे वर्षाला किती प्राणी मेले तर चालतील ती मर्यादा काढतात, पीबीआर म्हणतात तिला, त्यात मधला आकडा घेतच नाहीत, रेंजच्या खालच्या बाजूचा घेतात. तुझ्या रेंजवरून तो साधारण 60 येतो. 60 गुणिले 0.02 (संख्या वाढण्याच्या कमाल वेगाचा अर्धा), आणि प्राणी एनडेंजर्ड, म्हणजे नष्ट व्हायच्या धोक्यात, म्हणून गुणिले 0.1, झाले वर्षाला 0.12. म्हणजे आठ वर्षांत एक. आपला हंपबॅक डॉल्फिन आययूसीएन या जागतिक संघटनेच्या यादीत एनडेंजर्डच आहे. आता सांग, मीटिंगमध्ये कोणतं वाक्य जास्त जोरात लागेल, ‘84 आहेत’ की ‘आठ वर्षांत एकापेक्षा जास्त मेला तर परवडणार नाही’? रेंज काढून टाकलीस की हे दुसरं वाक्य बोलायची सोयच जाते.

आणि ‘आधी रेंज लहान करा, मग बघू’ म्हणणाऱ्यांना वाकिटाचं उदाहरण दे. मेक्सिकोतला छोटासा पॉरपॉइज, डॉल्फिनचाच नातेवाईक. 1997 मध्ये अंदाज 567, रेंज 177 ते 1,073. 2008 मध्ये 245, रेंज 68 ते 884. दोन्ही रेंज एकमेकींवर चढलेल्या, कोणालाही म्हणता आलं असतं की घट सिद्धच होत नाही. बार्बरा टेलर आणि टिम जेरोडेट या शास्त्रज्ञांनी 1993 मध्येच वाकिटाचं नाव घेऊन लिहून ठेवलं होतं की संख्या इतकी लहान असताना घट सिद्ध व्हायची वाट बघाल तर फार उशीर होईल. 2015 मध्ये अंदाज 59 वर आला. टोटोआबा वगैरे माशांसाठी लावलेल्या गिलनेट जाळ्यांत अडकून जवळजवळ संपलेच.

आपल्याकडे मार्च 2025 मध्ये नदीतल्या डॉल्फिनचा पहिला देशव्यापी अंदाज आला, 8 राज्यं, 28 नद्या, साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त अंतर. बातम्यांत 6,327 फिरला. पण गंगेतल्या डॉल्फिनसाठी रेंज दिलेली आहे, 5,977 ते 6,688, आणि बियासमधल्या सिंधू डॉल्फिनसाठी 3, तिथेही रेंज 2 ते 5. तीन प्राण्यांनाही रेंज लावली त्या लोकांनी, आणि तुला 84 ला लावायची लाज वाटतेय?

माझं म्हणशील तर या हट्टाची किंमत मी मोजलेली आहे. एका प्रोजेक्टच्या रिपोर्टमधून रेंज काढा असं सांगण्यात आलं, मी नाही म्हटलं, रिपोर्ट गेला आणि माझं नाव त्यात नव्हतं. पुढचं काम पण गेलं. सोबतचे म्हणाले तुझ्या अडून बसण्याने बोटीचे पैसे बंद झाले, सर्व्हे थांबला, डॉल्फिनचं नुकसान तूच केलंस. हे वाक्य अजून टोचतं, खोटं नाही सांगत. तो सर्व्हे दरवर्षी चालू राहिला असता तर आज तुझ्या 38–186 शेजारी ठेवायला एक अख्खी सीरिज असती, रुंद का असेना, उतार आहे की चढ ते दिसलं असतं. त्याची हळहळ आहे. पण रेंज काढलेली सीरिज असती तर तिचा तुला काडीचा उपयोग नव्हता, नुसत्या आकड्यांमधला फरक खरा की नशिबाचा हे कसं ओळखणार होतीस? मी बरोबर होते. आजही तेच करेन.

आणखी एक, रेंजसोबत एफर्टही पाठव. किती किलोमीटर, किती तास, समुद्र कसा होता. 2006 मध्ये चीनमधल्या यांगत्सेवर सहा आठवडे, दोन बोटी, जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटर शोधूनही बैजी, म्हणजे त्या नदीतला डॉल्फिन, दिसला नाही. तो शून्य जगाने मानला, कारण किती आणि कसं शोधलं ते सगळं कागदावर होतं. तुझ्या शीटमध्ये काहीच न दिसलेल्या दिवसांची पानंच नाहीत! कुठे गेली ती? फाडली असशील तर जीपीएसवरून परत काढ.

तेव्हा आता असं कर. दुपारी वारा सुटतो, लाटांवर पांढरं दिसायला लागलं की ऑफ एफर्ट, म्हणजे मोजणी बंद, असं लिही आणि परत फिर, डिझेलचे पैसे वसूल करायला मोजत बसू नकोस. फोटो जुळवायला मैत्रिणीला बसव, तू वेगळे जुळव, ती वेगळे, मग दोन्ही याद्या मला पाठव. गाइडना पाठवायच्या मेलचा ड्राफ्ट आधी मला दाखव, भांडणाचा सूर असेल तर मी काढून देईन, रेंज काढणार नाही. आणि पीडीएफ नको, मूळ शीट्स पाठव, पाण्याचे डाग पडलेल्या असतील तरी चालतील.